घरच्या कुत्र्याला निरोप द्यायची वेळ येते तेव्हा

आमच्या बंड्याला आम्ही चार दिवस उशिरा जाऊ दिलं. हे तेव्हा कळलं नव्हतं. तो खात होता, आणि खातोय तोवर ठीक आहे अशी आमची समजूत होती. त्या चार दिवसांत तो रात्रभर धापा टाकत घरभर फिरला, बसला की लगेच उठला, आणि शेवटच्या पहाटे त्याला चादरीत घालून धावतपळत नेताना आम्हाला निरोप घ्यायचंही सुचलं नाही. चिंगीच्या वेळी आम्ही आधीपासून तयारी केली. दुःख तेवढंच झालं, पण तिचा शेवटचा दिवस शांत गेला. या दोन अनुभवांमधला फरक सांगण्यासाठी हे लिहितोय. घरात पहिल्यांदाच म्हातारा किंवा आजारी कुत्रा असेल, तर शक्यतो आजच वाचून ठेवा. ऐन वेळी वाचणं जमत नाही.

१. डॉक्टरांना मोघम प्रश्न विचारू नका

"बरा होईल ना?" असं विचारलं की डॉक्टरही "बघू या" म्हणतात. त्याऐवजी चार प्रश्न कागदावर लिहून न्या. हा आजार बरा होणारा आहे, की फक्त ताब्यात ठेवण्यासारखा? पुढे काय काय होत जाईल, आणि कोणत्या क्रमाने? कोणतं लक्षण दिसलं की त्याच दिवशी धावत यायचं? आणि शेवटचा प्रश्न: हा कुत्रा तुमचा असता तर तुम्ही काय केलं असतं? या शेवटच्या प्रश्नावर बरेच डॉक्टर खुर्चीत जरा मागे टेकतात आणि मग खरं बोलतात.

आजाराप्रमाणे वाट बदलते. किडनी निकामी होत गेली तर कुत्रा हळूहळू वाळतो, उलट्या होतात, तोंडाला वास येतो. हृदय थकलं असेल तर त्रास श्वासाचा असतो. अशा कुत्र्याचे झोपेतले श्वास मोजायची सवय ठेवा. शांत झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास सतत दिसू लागले तर डॉक्टरांना कळवायचं. हाडाच्या कॅन्सरमध्ये वेदना हाच मुख्य प्रश्न असतो. प्लीहा म्हणजे पोटातला एक अवयव, त्यावरची गाठ मात्र दगाबाज. कुत्रा सकाळी खेळतो आणि दुपारी पोटात रक्तस्राव होऊन कोसळतो. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, पोट टम्म फुगलं आणि नुसतेच उमासे येत असले, किंवा जीभ निळसर दिसली, तर त्या दिवशी विचार करत बसायचं नाही, तडक दवाखाना. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो ते आधीच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

तोवर एक पथ्य: माणसांची वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. आयबुप्रोफेनमुळे कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि किडनी खराब होते. पॅरासिटामॉलही सुरक्षित नाही. कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं आहेत आणि ती चांगली चालतात. मागायला लाजू नका, आणि पुरत नसतील तर तसं परत जाऊन सांगा.

२. तब्येतीची वही ठेवा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी पायरी हीच, आणि नेमकी हीच कोणी करत नाही. रोज बघितल्यामुळे डोळ्यांना बदल दिसत नाही. आज कालच्यासारखाच वाटतो, काल परवासारखा, आणि अशा "कालच्यासारख्या" महिन्याभरात कुत्रा अर्धा होऊन जातो.

अ‍ॅलिस व्हिलालोबोस या कॅन्सरतज्ज्ञ पशुवैद्य बाईंनी यासाठी एक मोजपट्टी बनवली आहे. सात गोष्टी, प्रत्येकीला ० ते १० गुण: वेदना (यात श्वासाचा त्रासही धरायचा), भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि चांगले दिवस वाईट दिवसांपेक्षा जास्त आहेत का. १० म्हणजे उत्तम, म्हणजे वेदनेच्या रकान्यात १० आले तर दुखत नाही. एकूण ३५ च्या वर असेल तर त्याचं आयुष्य अजून ठीक चाललंय असं धरतात. परीक्षेसारखं ३४ आले म्हणून नापास, असं मात्र नाही. श्वास घेता येत नसेल तर बाकीच्या सहा रकान्यांत पैकीच्या पैकी मिळाले तरी त्यांना अर्थ नाही.

हे गुण रोज वहीत लिहायचे. देताना घरातल्या दोघांनी वेगवेगळे द्यावेत, एकमेकांचे न बघता. आमच्याकडे आईचे गुण नेहमी माझ्यापेक्षा आठदहाने कमी असायचे. तीच दिवसभर चिंगीजवळ असायची आणि तिचंच बरोबर होतं. मी संध्याकाळी घरी आलो की चिंगी शेपटी हलवायची, आणि मी त्या दोन मिनिटांवरून अख्ख्या दिवसाचे गुण द्यायचो.

इथे वेदनेबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. दुखतंय म्हणून कुत्रा रडेलच असं नाही. बरेचसे आवाजही काढत नाहीत. उकाडा नसताना धापा टाकणं, एका जागी पडून न राहता येणं, पाठीला बाक काढून उभं राहणं, एकच जागा चाटत बसणं, पलंगाखाली किंवा मोरीत जाऊन लपणं, एरवी गरीब असलेल्या कुत्र्याने हात लावताच दात दाखवणं ही सगळी दुखण्याची भाषा. शेपटी हलते म्हणजे दुखत नाही असं नसतं. तुम्हाला बघून झालेला आनंद आणि कंबरेतली कळ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जेवणाचंही तेच. काही कुत्रे शेवटच्या दिवसापर्यंत ताट साफ करतात. आमचा बंड्या त्यातलाच.

म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसासारखा स्मृतिभ्रंशही होतो. रात्री जागून फेऱ्या मारणं, कोपऱ्यात तोंड खुपसून उभं राहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला थांबून दार उघडायची वाट बघणं, घरच्या माणसांना न ओळखणं. शरीर धडधाकट असताना हे झालं की निर्णय फार अवघड होतो. अशा वेळी "आनंद" या रकान्यात प्रामाणिकपणे लिहा.

वहीच्या मागच्या पानावर आणखी एक यादी करा: त्याच्या आवडीच्या पाच गोष्टी. चिंगीची यादी अशी होती: गच्चीवर उन्हात लोळणं, बेल वाजली की दाराकडे पळणं, चेंडू तोंडात घेऊन परत न देणं, माझ्या वडिलांच्या पायांवर झोपणं, आणि मांजरावर भुंकणं. त्यातल्या तीन गोष्टी बंद झाल्या की घरच्यांनी एकत्र बसायचं, असं आम्ही तिची तब्येत बरी असतानाच ठरवून टाकलं होतं.

३. दिवस ठरवणं

"त्याची वेळ आली की तोच सांगेल" असं पुष्कळ लोक म्हणतात. मला हे पटत नाही. काही कुत्रे खरंच सांगतात, नजरच फिरवतात. पण बाकीचे तुमच्यासाठी ओढत राहतात, आणि आपण इशाऱ्याची वाट बघत बसतो. "झोपेतच शांतपणे जाईल" ही दुसरी आशा. तसं क्वचित होतंही. पण आजाराने येणारं नैसर्गिक मरण बहुतेकदा लांबतं: खाणंपिणं सुटतं, पाय गार पडतात, श्वास अडखळत चालतो, मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि हे तासन् तास, कधी दिवसभर चालतं. ज्यांना घरीच नैसर्गिक मरण हवंय त्यांनी तसं जरूर करावं, पण वेदनेचं औषध हाताशी ठेवून आणि डॉक्टरांना सांगून. कुशीवर पडून असेल तर दर दोन-चार तासांनी कूस बदला, नाहीतर जखमा होतात. ओठ ओल्या कापडाने टिपा. गिळता येत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

दयामरणाचा निर्णय घेणार असाल तर माझं म्हणणं स्पष्ट आहे: शेवटच्या वाईट दिवसापर्यंत थांबू नका, एखादा बरा दिवस शिल्लक असतानाच त्याला जाऊ द्या. हे बोलायला सोपं आणि करायला भयंकर आहे, कारण त्या दिवशी तो तुमच्याकडे बघतो, कदाचित दोन घास खातोही, आणि आपण खुनी आहोत असं वाटतं. ज्यांनी उशीर केला त्यांनाही अपराधी वाटतं आणि ज्यांनी वेळेत केलं त्यांनाही. अपराधीपणा दोन्हीकडे आहेच, मग निदान कुत्र्याचा त्रास तरी वाचू द्या.

निर्णय एकाच माणसावर टाकू नका. नुसतं "मला बघवत नाही, तूच काय ते ठरव" म्हणून बाजूला होणारा घरात एकजण असतोच. त्याला वही हातात द्या आणि आठवडाभर गुण लिहायला लावा. बहुतेक वेळा वाद तिथेच मिटतो.

४. आधी उरकायची कामं

त्या दिवशी डोकं चालणार नाही हे धरून चाला. दवाखान्यात की घरी, ते ठरवा. काही डॉक्टर घरी येतात. दवाखान्याच्या वाटेवर जो कुत्रा थरथर कापतो त्याच्यासाठी घरच बरं. दवाखान्यातच जायचं असेल तर दिवसातली शेवटची वेळ मागा आणि बाहेर बाकावर थांबावं लागणार नाही ना, ते विचारा. फी आणि पुढच्या विधीचे पैसे आधीच देऊन टाका. डोळे पुसत पाकीट उघडायची पाळी येऊ नये. संमतीच्या कागदावर सही लागते, तीही आधी. फार घाबरट किंवा चावणारा कुत्रा असेल तर घरून निघताना द्यायची गुंगीची गोळी डॉक्टर देऊ शकतात. खायला काय आणि किती चालेल तेही विचारा, कारण भरल्या पोटी गुंगीच्या औषधाने कधी कधी उलटी होते.

देहाचं काय करायचं, हेही आधीच ठरवा. त्याबद्दल खाली लिहिलंय.

आणि मोठा कुत्रा असेल तर त्याला उचलणार कोण? ३५ किलोचा जीव नंतर एकट्याने उचलत नाही. जाड चादर आणि दोन धट्टेकट्टे मित्र सांगून ठेवा.

५. त्या दिवशी नेमकं काय होतं

हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून सगळं सांगतो. ऐकायला जड वाटेल, पण माहीत असलं की ऐन वेळी धसका बसत नाही.

बहुतेक डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. ते टोचताना जरासं चुरचुरतं. एखादा कुत्रा केकाटतो. पाच ते पंधरा मिनिटांत तो पेंगतो, मान टेकवतो, जीभ थोडी बाहेर येते. तुमचं बोलणं, हात फिरवणं, माफी मागणं, काय असेल ते या वेळातच उरकून घ्या, कारण यापुढे त्याला फारसं कळणार नाही. मग पुढच्या पायावरचे थोडे केस काढून शिरेत सुई बसवतात. अंगातलं पाणी कमी झालेल्या किंवा खूप म्हाताऱ्या कुत्र्याची शीर पटकन सापडत नाही. दोन-तीनदा प्रयत्न करावा लागला तर डॉक्टरांवर चिडू नका. कुत्रा तेव्हा गुंगीत असतो.

मुख्य औषध बहुधा पेंटोबार्बिटल असतं. हे भूल देणारंच औषध आहे, फक्त मात्रा फार मोठी. शिरेत गेलं की काही सेकंदांतच शुद्ध पूर्ण जाते, मग श्वास थांबतो, आणि काही मिनिटांत हृदय. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतात आणि सांगतात.

आता ज्याने लोक हादरतात ते. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. हाताने मिटले तरी पुन्हा उघडतात. हृदय थांबल्यावरही एकदोन खोल उसासे येऊ शकतात, अंगावर शहारा आल्यासारखे स्नायू फडफडतात. तो परत आलेला नसतो, शुद्ध तर कधीच गेलेली असते. लघवी-शी होते, म्हणून खाली जुना टॉवेल घालून ठेवा.

तिथे थांबायचं की नाही? जमत असेल तर थांबा. ओळखीचा वास आणि आवाज जवळ असला की कुत्रा कमी घाबरतो. पण तुम्ही हंबरडा फोडणार असाल, तर निदान गुंगी चढेपर्यंत दुसऱ्या कोणाला तरी डोक्याशी बसवा. ज्यांना अजिबात बघवत नाही त्यांनी गुंगी आल्यावर बाहेर जावं. त्यात काही कमीपणा नाही. चिंगीच्या वेळी वडील बाहेर उभे होते आणि आजही त्यांना त्याचं काही वाटत नाही. मी आत होतो आणि मलाही.

६. नंतरचे काही तास

काही तासांत शरीर ताठ होतं. म्हणून लगेच, पाय दुमडून, झोपल्यासारखं वळवून ठेवा. नंतर ते जमत नाही आणि खड्ड्यात किंवा खोक्यात मावत नाही. तोंडातून, मागून थोडं पाणी येतं, त्यासाठी खाली शोषणारं कापड आणि त्याखाली प्लास्टिक. थंड जागी ठेवा, उन्हात किंवा बंद गाडीत नाही. थांबावं लागणार असेल तर पोटाखाली बर्फाच्या पिशव्या कापडात गुंडाळून ठेवा, आणि एका दिवसाच्या आत पुढचं उरका. पट्टा काढून घ्यायला विसरू नका. केसांची बट हवी असेल तर तीही आत्ताच.

पुरणार असाल तर आधी तुमच्या भागात आणि त्या जागेत परवानगी आहे का ते बघा. खड्डा खोल हवा. देहावर निदान तीन फूट माती यायला हवी, आणि जागा विहीर-ओढ्यापासून लांब. हे नुसतं वासासाठी नाही. इंजेक्शनचं औषध देहात आणि मातीत बराच काळ टिकतं, आणि उकरून खाणारा दुसरा कुत्रा किंवा पक्षी त्याने मरू शकतो. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

दहन करायचं असेल तर "एकट्याचं की एकत्र?" हा प्रश्न स्पष्ट विचारा. एकत्र दहनात राख परत मिळत नाही. राख हवी असेल तर एकट्याचंच सांगा आणि ती कधी, कोण देणार ते लिहून घ्या.

७. मुलं, आणि घरातला दुसरा कुत्रा

मुलांसमोर "झोपवलं" हा शब्द वापरू नका. आपण मोठी माणसं तो सर्रास वापरतो, पण पाच वर्षांचं पोर त्या रात्री झोपायला घाबरतं. "पळून गेला" तर मुळीच नको, ते रोज दारात वाट बघेल. "तो खूप आजारी होता, शरीर चालेनासं झालं, तो मेला, आता परत येणार नाही" असं सरळ सांगा. लहान मुलं तोच प्रश्न दहादा विचारतात. दहादा तेच उत्तर द्या. "तू त्याला ओरडलास म्हणून नाही" हेही न विचारता सांगून टाका, कारण मुलांच्या मनात ते असतं.

दुसरा कुत्रा असेल तर त्याला देह हुंगू द्या. काहीजण एकदा वास घेऊन निघून जातात, आपल्यालाच वाईट वाटतं. नंतर काही दिवस तो शोधत फिरेल, कमी खाईल, तुमच्या पायात पायात करेल. फिरायच्या आणि जेवायच्या वेळा बदलू नका. दोन दिवस अजिबात खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवा. त्याच्या सोबतीसाठी म्हणून आठवडाभरात नवं पिल्लू आणू नका. म्हाताऱ्याला तो जाच वाटतो.

८. तुमचं

"कुत्राच तर होता" असं कोणीतरी म्हणेलच. चारचौघांत ज्या दुःखाला मान्यता नाही, त्यावर केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली लिहिलं, आणि कुत्र्यामांजराचं जाणं त्यात अगदी चपखल बसतं. वाद घालू नका, पण स्वतःला मात्र सांगा की यात नवीन काही नाही. जर्मनीत ओबरकासेल इथे १९१४ साली सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. दोन माणसं आणि सोबत एक कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून संशोधकांनी ताडलं की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार झाला होता, आणि कोणीतरी आठवडेच्या आठवडे त्याची सेवा केल्याशिवाय ते तेवढं जगलं नसतं. त्या काळी ते पिल्लू कोणाच्या कामालाही येत नव्हतं.

हातपाय रोजच्या वेळी हलतील. पहाटे पाचला जाग येईल, जेवताना शेवटचा घास बाजूला काढला जाईल, दार उघडताना पाय आडवा घालाल. काही आठवडे हे चालतं. झोप आणि काम महिना-दोन महिन्यांनंतरही थाऱ्यावर येत नसेल तर समुपदेशकाकडे जायला संकोचू नका.

राहिली एक बारीक गोष्ट. उरलेली औषधं दवाखान्यात परत करा, आणि करताना त्यांच्या यादीतून त्याचं नाव काढायला सांगा. मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली चिप) असेल तर तिच्या नोंदीतूनही. आम्ही बंड्याच्या वेळी हे विसरलो होतो. सात महिन्यांनी एका सकाळी फोन वाजला: "बंड्याच्या लसीची तारीख जवळ आली आहे, कृपया वेळ ठरवावी."